हिगाशी-कसाईतला भाकरतुकडा

आई, निघताना मी "जाते गं" म्हणाले आणि तू केवढ्यांदा ओरडलीस, "जाते काय? येते म्हण!" मग टॅक्सीच्या खिडकीतून ज्वारीच्या पिठाची पिशवी माझ्या मांडीवर आली. नवरा सॉफ्टवेअरच्या कॉन्ट्रॅक्टवर टोकियोला, त्याच्यामागे मी, आणि माझ्याबरोबर पीठ. झालं आमचं स्थलांतर!

टोकियोतल्या आमच्या हिगाशी-कसाईत मराठी बोलायला घरात फक्त नवरा, आणि तो रात्री उशिरा यायचा. एक दिवस भारतीय किराण्याच्या दुकानात गल्ल्यावरचा उंच आफ्रिकी माणूस म्हणाला, "वहिनी, मेथी परवाची आहे, नका घेऊ." मी उडालेच! हा युसुफ, सुदानचा. पुण्यात कॉलेज केलेला, घरमालकीण काकूंकडून मराठी शिकलेला. पुढे तो जपानला आला आणि मागे युद्धात दारफूरमधलं त्याचं गाव जळालं. बायको, हलीमा, जीव मुठीत धरून चालत सीमेपलीकडच्या छावणीत पोचली. युसुफने इथे निर्वासित म्हणून अर्ज केला होता. आधी त्याला राहायची परवानगी, ती मिळाली तर मग हलीमाला. दर रविवारी आमच्याकडे जेवायला यायचा, "अजून काही नाही" म्हणायचा आणि ताटाकडे बघत बसायचा. फार वाईट वाटायचं गं.

आधी त्याचं काम झालं. तिची वाट बघण्यात आणखी वर्षं गेली. आणि एका रविवारी दारातूनच ओरडला, "वहिनी, हलीमा येतेय!" आम्ही तिघं त्या एवढ्याशा किचनमध्ये चक्क नाचलो. मग लाजत म्हणाला, "सुट्टीहून परत आलो की काकू दारात भाकरतुकडा ओवाळून टाकायच्या. तुम्ही हलीमावरून ओवाळाल ना?"

ओवाळीन की! पण टाकू कुठे? आमच्या साहेबांनी लगेच शंका काढली, "इथे प्रत्येक कचऱ्याचा वार ठरलेला, आणि ती येणार त्या दिवशी जळणाऱ्या कचऱ्याचा वार नाही. आणि बाल्कनीतून टाकू नकोस हं, खाली सातो-सान राहतात." शेवटी दाराबाहेर पेपर अंथरला.

तू नुकत्याच पाठवलेल्या पिठाची भाकरी थापली. लिफ्टमधून युसुफबरोबर हलीमा आली, खांद्याला एकच पिशवी. मी तुकडा ओवाळला आणि टाकला. तिचा चेहराच पडला. झटकन वाकून तिने तो उचलला, ओठांना लावला, कपाळाला लावला. मग वास घेतला आणि खाऊन टाकला!

"अगं, अगं!" इडापिडा पोटात गेली की! युसुफ हसत होता की रडत होता, कोण जाणे. म्हणाला, "वहिनी, ही विचारतेय, भाकरी कुणी टाकतं का? आणि ही तर आमचीच ज्वारी!" त्यांच्याकडेही ज्वारीच खातात, मला काय ठाऊक! हलीमाने हात पुढे केला. मी गरम अख्खी भाकरी तिच्या हातावर ठेवली. तिने ती दारातच उभ्याने संपवली आणि मग घरात पाऊल टाकलं.

आता आमच्या बिल्डिंगमध्ये पुण्या-मुंबईहून कुणी नवं आलं की हलीमाच दारात हजर. तुकडा ओवाळते, पण टाकत नाही, येणाऱ्याच्या तोंडात घालते. तुझ्या शास्त्रात बसायचं नाही हे, पण तिला कोण सांगणार? तुझा निरोप घेताना मी "येते" म्हणते, इथून निघताना तिलाही "येते"च म्हणते, आणि दोन्हीकडे ते खरंच असतं.

परवा पुण्याहून परतले. दारात हलीमा उभी. "आले गं" म्हणायला तोंड उघडलं, तर तिने आधी भाकरी भरवली.