आजारी पडणारी ओळ

मका आजारी पाडणं हा करपाकाकांचा पोटापाण्याचा उद्योग, आणि तो त्यांनी एकतीस वर्षं इमानेइतबारे केला. ऐकणारा दचकतो, म्हणून हे आधीच सांगितलेलं बरं. करपा हा मक्याच्या पानांवरचा बुरशीचा रोग. आधी होडीसारखे लांबट राखाडी डाग पडतात, मग डागाला डाग मिळतो आणि उभं झाड भाजून काढल्यासारखं दिसतं. आता करप्यापुढे टिकणारं वाण शोधायचं, तर शंभर वाणांना करपा लावून बघायला नको का? संशोधन केंद्रात तो लावण्याचं काम काकांचं. गेल्या हंगामातली रोगट पानं ते सावलीत वाळवत, कुटत, चाळत आणि ती पूड डब्यात भरून ठेवत. मका गुडघाभर झाला की संध्याकाळी ओळीओळीने फिरून प्रत्येक झाडाच्या पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत, पुडीची एक चिमूट सोडत. आमटीत मीठ घालणाऱ्या बाईचा हात जसा चुकत नाही, तसा त्यांचा हात चुकत नसे.

दर दहा ओळींनंतर एक ओळ लावत ‘रडकी’ची. हे एक जुनं, नाजूक वाण. त्याचं काम एकच, आजारी पडणं. रडकी करपली की पूड चांगली होती हे ठरतं, आणि मगच बाकीच्या ओळी हिरव्या राहिल्या याला काही अर्थ. रडकी आजारी पडली नाही, तर सगळा हंगाम पाण्यात.

या रडकीचं बी वाढवत होत्या काकू, म्हणजे काकांच्या पत्नी. केंद्राच्या शेतात जिकडेतिकडे करपा, तिथे बी धड भरत नसे. म्हणून बावीस वर्षांपूर्वीच्या साहेबांनी कागदी पिशवीतून बी पाठवलं आणि निरोप धाडला, परसात एवढं वाढवून द्या. काकूंनी एकच अट घातली. काकांनी कामाचे कपडे मागच्या नळाशी उतरवायचे आणि अंघोळ केल्याशिवाय परसात पाय ठेवायचा नाही. “तुमचा करपा तुमच्यापाशी,” त्या म्हणत. काका थंडीतसुद्धा नळाखाली कुडकुडत, पण नियम पाळत.

रडकी एरवी दहा-बारा दिवसांत करपायची, अलीकडे जरा उशीर लावू लागली होती; यंदा पूड सोडून चौदा दिवस झाले, तरी ती हिरवीगार उभी राहिली. केंद्रावरच्या मॅडम तरुण, हुशार आणि घाईच्या. तीन वर्षांच्या चाचणीचं हे शेवटचं वर्ष.

“काका, पूड कधीची?”

“मागच्या हंगामातली. दरवर्षीसारखी.”

“डब्याला ओल लागली असेल. अहवालात तसं लिहावं लागेल मला.”

“काही ओळींवर डाग आहेत की, मॅडम.”

“ते वाऱ्याने आलेले असू शकतात. रडकी पडली नाही, तर मी काहीच धरू शकत नाही.”

खरं तेच बोलत होत्या बिचाऱ्या. पण काकांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते, आणि एकतीस वर्षांच्या नोकरीवर शेवटचं वाक्य पडणार होतं ‘पूड निकामी’. माणसाला अभिमान कशाचा असावा याला धरबंध नसतो. काकांना होता तो त्या डब्याचा.

त्या दिवशी नळाखालून ओलेते निघून ते परसात गेले, तर काकू मक्यात उभ्या. वाऱ्याने आलेल्या करप्याचे जरासे राखाडी ठिपके पानावर पडलेलं एक रोप त्यांनी मुळासकट उपटलं आणि शेळीपुढे टाकलं.

“ते का उपटलंस?”

“रडतंय ते. बियाला कशाला ठेवायचं?”

“दरवर्षी असंच करतेस?”

“मग काय, रोगट ठेवू आणि धडधाकट शेळीला घालू? बावीस वर्षं निवडून निवडून बी ठेवलंय मी. पहिल्या वर्षीची कणसं आठवतात ना? मेल्या उंदरासारखी होती. आता बघा.”

काकांनी बघितलं. काकूंनी काय केलं होतं, ते त्यांच्या लख्ख ध्यानात आलं. आजारी पडण्यासाठी दिलेलं वाण या बाईने माया करून करून ठणठणीत केलं होतं. आणि तिला तरी दोष कसा द्यायचा? बी कशासाठी आहे, हे बावीस वर्षांत ना साहेबांनी सांगितलं, ना नवऱ्याने. नवऱ्याला वाटलं, साहेबांनी सांगितलं असेल.

दोन दिवस काका गप्प राहिले. पुडीचा ठपका आपण घ्यायचा, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. पण चाळीस वर्षांच्या संसारात गप्प बसून काही लपत नाही. तिसऱ्या दिवशी चहाचा कप पुढे ठेवून काकू म्हणाल्या, “बोलताय, का मी त्या मॅडमना जाऊन विचारू?”

मग सगळं बाहेर आलं. काकूंनी ऐकून घेतलं, पदर खोचला आणि त्या केंद्रावर निघाल्या. काका मागून ‘अगं ऐक, अगं थांब’ करत.

“मॅडम, पूड चांगली आहे,” काकू शेताच्या बांधावरूनच म्हणाल्या. “बिघडवलंय ते मी. म्हणजे सुधारलंय.”

मॅडमना उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. झाला तेव्हा त्या कपाळाला हात लावून बांधावरच बसल्या. “काकू, निवड करायला आम्हाला इथे सहा माणसं लागतात.”

“मग मला विचारायचं होतंत.”

नुसत्या बोलण्यावर अहवाल बदलत नाही, आणि ते योग्यच. केंद्राच्या थंड कपाटात पहिल्या रडकीच्या बियाची एक पुडी शिल्लक होती. मॅडमनी बारा कुंड्या लावल्या, सहात जुनं बी, सहात काकूंचं. रोपं मोठी झाल्यावर काकांनी त्याच डब्यातली पूड सोडली. अकराव्या दिवशी जुन्या सहा रोपांवर राखाडी होड्या उमटल्या. काकूंची सहा हिरवी. अहवालातलं ‘पूड निकामी’ मॅडमनी काकांच्या देखतच खोडलं. यंदाचा हंगाम पुन्हा करावा लागणार होता, पण काकूंच्या बियाला पुढच्या चाचणीत स्वतःची ओळ मिळाली. नाव विचारलं, तर काकू म्हणाल्या, “हसरी लिहा.”

उरला प्रश्न रडकीचा. ती तर लागणारच. जुन्या बियाची रोपं परसात एका कोपऱ्यात, हसरीपासून लांब, वेगळी लावली, आणि कणसं आल्यावर बियासाठी निवड करायची वेळ आली. या खेपेला सगळ्यात किडकिडी ठेवायची होती.

“माझ्याने नाही होणार,” काकूंनी सांगून टाकलं. त्या पायरीवर पाठ करून बसल्या.

काकांनी निवृत्तीनंतरचं पहिलं काम हातात घेतलं. एकेक कणीस उचलून बघायचे, भरलेलं बाजूला सारायचे, मरतुकडं टोपलीत टाकायचे. मागे न बघता काकू दर थोड्या वेळाने विचारत होत्या, “टाकलंत का त्या बिचारीला टोपलीत?”

“टाकलं.”

“हळू टाका हो.”