जंतूंची आत्या

माझ्या आत्याइतकं जंतूंना मानाने वागवणारं माणूस सबंध लालबाग-परळात दुसरं सापडणार नाही. परळच्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत थुंकीच्या स्लाइडी रंगवण्यात आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून त्या वाचण्यात तिचा जन्म गेला, आणि त्या नादात सगळे जंतू तिला चाळीतल्या बिऱ्हाडकरूंसारखे स्वभावासकट पाठ झाले. कुणाला ताप आला की आम्ही विचारायचो, "किती?" आत्या विचारायची, "कोण आलंय?" टायफॉइडचा जंतू पोटातून शिरून गुपचूप रक्तात उतरतो, म्हणून त्याच्यावर तिचा राग, कॉलऱ्याचा आतड्याला चिकटतो, विष सोडतो, माणसाला पार पिळून काढतो, पण जे करतो ते उघड करतो, म्हणून त्याच्याविषयी किंचित माया. गणपतीच्या आरतीला सगळे डोळे मिटून उभे असताना ही कोण खोकतंय ते बघत असायची. एकदा तर शेजारच्या गृहस्थांना तिने आरतीतून खिडकीशी नेऊन उभं केलं आणि प्रसादाऐवजी त्यांच्या हातावर थुंकी तपासायची रिकामी डबी ठेवली.

सुटीच्या दुपारी ती गॅलरीत बसून खालच्या बसथांब्याकडे तंद्री लावून बघायची. "एक खोकला रे, आणि किती बारीक थेंब तरंगत राहतात. त्यांच्यात बसून निघालेत सगळे जंतू. कुणाच्या छातीत उतरायचं, ते त्यांनाही ठाऊक नसतं." खरं तर घाबरायला हवं, पण तिचा आवाजच असा की डोळ्यांवर झापड यायची, आणि उन्हात तरंगणारं ते न दिसणारं गाव मलाही दिसू लागायचं.

त्यातलेच काही माझ्या छातीत उतरले. तीन आठवडे मी खोकल्याचं खापर हवेवर फोडत होतो. आत्या आमच्याकडे दादरला आली, दारातच थबकली आणि चप्पलही न काढता म्हणाली, "मेल्या, हा साधा खोकला नाय. उद्या सकाळी डबी घेऊन ये." माझी स्लाइड तिने स्वतः वाचली. निळ्यावर लाल काड्या, टीबीच. "सुरेख उमटलेत," ती म्हणाली, आणि मग तिला रडू फुटलं.

औषध सहा महिन्यांचं. दोन महिन्यांत खोकला गेला, वजन वाढलं, आणि मी गोळ्यांची टाळाटाळ करू लागलो. बायकोने चहाडी केली. तेव्हापासून आत्या रोज सकाळी ड्यूटीच्या आधी दादरला येऊन माझ्यासमोर उभी. "गिळ. जीभ दाखव."

"अगं, मला आता बरं वाटतंय."

"तुला वाटतंय. जागे होते ते मेले. काही आत झोपलेत, तुझ्याच पेशींच्या पोटात. त्यांना खायला गेलेल्या पेशी त्यांनाच घर देऊन बसल्यात. ते उठले तर पहिली तुझी लेक गाठतील."

लेक नुकती पावलं टाकायला लागली होती. मी गिळलं.

सहा महिने भरले. आता शेवटची स्लाइड स्वच्छ निघायला हवी होती. मी प्रयोगशाळेतल्या बाकावर जीव मुठीत धरून बसलो. आत्याची रीत अशी की रोग्याच्या स्लाइडआधी जंतू नक्की असलेली एक स्लाइड बघायची. रंग नीट चढलाय ना, ते त्यावरून कळतं. तिने ती लावली. बराच वेळ स्क्रू फिरवत राहिली. काच पुसली, चष्मा पुसला, पुन्हा वाकली. मग शेजारच्या तरुण टेक्निशियनला म्हणाली, "ही जरा बघ गं."

मुलीने पाहिलं. "मस्त आहेत की मॅडम, भरपूर लाल."

आत्या खुर्चीवरून उठली आणि तिने ती खुर्ची मुलीकडे सरकवली. "माझ्या भाच्याची तू वाच."

मुलीने सावकाश सगळी स्लाइड पाहिली. "निगेटिव्ह, मॅडम. एकही नाही."

आत्याने माझ्या पाठीत गुद्दा घातला आणि खूप हसली. मी बरा झालो होतो, तरी मला धड आनंद होईना. पायऱ्या उतरताना तिने माझा दंड धरला. तसा तिने आजवर कधीच धरला नव्हता. "मोतीबिंदू काढता येतो गं," मी म्हणालो.

"काढू की," ती म्हणाली. "पण तुझी स्लाइड तेवढी मला बघायची होती रे."