पेटी मी भरली होती

मोटारसायकलच्या अवजारांची पेटी भरणं हे माझं काम नव्हतं. मी कंपाउंडर, बाटल्या भरायच्या आणि पुड्या बांधायच्या एवढंच मला नेमून दिलेलं. पेटी मी हौसेनं अंगावर घेतली. त्या हौसेपायी एका भल्या माणसाचं नाव गेलं, आणि ते मला ठाऊक असून मी गप्प बसलो. हे आजवर घरात कुणाला सांगितलेलं नाही.

नागपूर तेव्हा अजून राजधानी होतं. धंतोलीतल्या एका डॉक्टरांकडे मी कामाला होतो. त्यांनी मिलिटरीच्या लिलावातली एक जुनी मोटारसायकल घेतली होती. आठवड्यातून दोनदा ते तिच्यावरून सावनेरकडच्या गावांत रोगी बघायला जात आणि मागच्या सीटवर औषधांचा डबा पोटाशी धरून मी. त्या रस्त्यावर बैलांच्या नालांचे खिळे पडलेले असत, त्यामुळे पंक्चर झालं नाही तर चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं.

डॉक्टरांच्या बंगल्यावर एक म्हातारे होते. फाटक राखायचे, झाडांना पाणी घालायचे, गाडी पुसायचे. लढाईच्या काळात त्यांनी कामठीच्या मिलिटरी गॅरेजात फिटरचं काम केलं होतं, म्हणून सगळे त्यांना मिस्त्री म्हणत आणि मी मिस्त्रीकाका. पेटी भरायला त्यांनीच मला शिकवलं. पहिल्या दिवशी मी सगळं आत कोंबलं आणि झाकण दाबून बसवलं. त्यांनी पेटी उचलली, माझ्या कानाशी नेऊन हलवली.

"आयकून पाह्य गा बाबू. आतमंदी भांडण चालू हाय. पाने एकमेकाईले खाऊन राह्यले."

मग त्यांनी सगळं बाहेर काढून जमिनीवर मांडलं. टायर उचलायच्या पट्ट्या, मोठा पाना आणि पक्कड तळाशी. पेचकस, चेनची सुटी कडी आणि तारेचं वेटोळं मधे. पंक्चरचं सामान आणि चिंधीत बांधलेला जास्तीचा प्लग सगळ्यात वर. "जे जास्ती लागते ते वरते," ते म्हणाले. "रस्त्यावर बसून पेटी उपसाची पाळी आली, तर ते भरणं नाही, कोंबणं हाय." माझ्या आईनं मागावरच्या जाड कापडाची एक लांब पट्टी शिवून दिली, प्रत्येक पान्याला आणि पंक्चरच्या सामानालाही वेगळा खिसा केला. ती गुंडाळून नाडी बांधली की पेटी कितीही हलवा, आवाज नाही. मिस्त्रीकाकांनी ती चारचारदा हलवून पाहिली. "मिलिटरीत असता तर फीत भेटली असती तुले," म्हणाले. मी दोन दिवस त्या वाक्यावर तरंगत होतो.

आम्ही कोष्टी. खंडेनवमीला आमच्याकडे माग बंद. धोटा, फणी, कात्री सगळं धुऊन पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, आणि दसऱ्याची पूजा होईपर्यंत कुणी त्याला हात लावायचा नाही. घरात माग सोडून गेलेला मी एकटा. पाटावर प्रत्येकाचं काही ना काही असायचं, माझं काही नाही. चुलतभाऊ दरवर्षी विचारायचे, "तुह्यं का मांडाचं गा? औषधाचा चमचा?" सगळे हसायचे, मीही हसायचो, आणि आतून जळायचो.

त्या वर्षी मी ठरवलं. अष्टमीला संध्याकाळी मी पेटी भरली, शेडचं दार लावता लावता ती पुन्हा उघडली, अवजारांची गुंडाळी काढून घेतली आणि पिशवीत घालून घरी आणली. डॉक्टरांना विचारलं नाही. त्यांचा देवधर्मावर विश्वास नव्हता आणि ते हसतील असं वाटलं. शिवाय दोन दिवस दवाखाना बंद होता, गाडी शेडमध्येच राहणार होती. मिस्त्रीकाकांना तरी सांगायचं, पण ते पाणी भरायला विहिरीवर गेले होते, आणि मला घाई झाली होती.

नवमीला बाबांनी पाने धोट्याशेजारी ओळीनं मांडले. फिरवून फिरवून पाहिले. "सायेबाले पुसून आणले ना गा?" त्यांनी विचारलं. "हो," मी म्हणालो. चुलतभाऊ त्या दिवशी चमच्याचं नाव काढायला विसरले. माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली खंडेनवमी ती, आणि तिची आठवण काढायची मला सोय राहिली नाही.

दसऱ्याला सकाळी सावनेरच्या रस्त्यावरच्या एका गावाहून डॉक्टरांना बोलावणं आलं. ते एकटेच निघाले. अर्ध्या वाटेत मागचं चाक बसलं. त्यांनी पेटी उघडली तर आत नुसती फडकी. भर उन्हात कोस दीड कोस गाडी ढकलत ते गावात पोचले आणि बैलगाडीत ती घालून परत आले. रोग्याला उतार पडला होता, एवढं नशीब.

दुसऱ्या दिवशी मी सायकलवरून बंगल्यावर पोचलो तेव्हा गुंडाळी माझ्या पिशवीत होती, हँडलला टांगलेली. आल्या आल्या पेटीत ठेवून द्यायची असा बेत. अंगणात डॉक्टर उभे होते आणि त्यांच्यासमोर मिस्त्रीकाका, टोपी हातात. शेडच्या किल्ल्या दोनच, एक मिस्त्रीकाकांकडे आणि एक माझ्याकडे.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "अष्टमीला पेटी तू भरली होतीस ना?"

"हो साहेब. पेटी मी भरली होती."

खोटं काय होतं त्यात? अक्षर न् अक्षर खरं. असं बोलण्यात मी पहिल्यापासून वस्ताद. शाळेत मास्तर विचारायचे, गणितं केलीस का, की मी म्हणायचो, वही आणलीय. त्या सकाळीही तसंच झालं, फक्त या वेळी छडी दुसऱ्याच्या हातावर पडली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी उघड्या डोळ्यांनी बघत होतो. चोराची पिशवी दोन हातांवर सायकलला लटकत होती.

डॉक्टर पोलिसांत देतो म्हणाले. मिस्त्रीकाका एवढंच म्हणत राहिले, "मी नाही घेतले जी. मी काहून घेऊ?" मला ते ऐकवेना. मी पुढे झालो आणि हात जोडले. "साहेब, जाऊ द्या. म्हातारा माणूस आहे."

याहून वाईट वाक्य मला सुचलं नसतं. मी त्यांची बाजू घेतली असं वाटावं आणि चोरी त्यांनीच केली हे पक्कं व्हावं, दोन्ही एकदम. डॉक्टर थोडे निवळले. पोलिसांचं नाव सोडलं, पण मिस्त्रीकाकांना त्याच दिवशी काढून टाकलं. दुपारी ते आपली वळकटी खांद्यावर घेऊन फाटकातून गेले. मी पुड्या बांधत होतो. मान वर केली नाही.

संध्याकाळी गुंडाळी घरी परत नेली. बाबांनी विचारलं तर म्हणालो, साहेबांनी नवीन सामान घेतलं, हे मला दिलं. डॉक्टरांनी नवीन घेतलं हे तरी खरंच होतं.

दोनेक महिने मी मूग गिळून बसलो. जेवण जाईना. शेवटी एका रविवारी मनाशी पक्कं केलं आणि पॅसेंजरनं कळमेश्वरला गेलो, तिथून चालत त्यांच्या गावी. आधी त्यांना सांगायचं, मग डॉक्टरांना, असा क्रम वाटेत दहादा घोकला. काय शब्द वापरायचे तेही ठरवलं होतं.

मिस्त्रीकाकांनी मला लांबूनच ओळखलं. खाट अंगणात ओढली, वर सतरंजी टाकली. "या, बसा बाबू." इतकी वर्षं ते मला अरेतुरे करायचे. त्या दिवशी पहिल्यांदा 'तुम्ही' म्हणाले. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी घरातल्यांना हाक मारली. बायको आली, सून आली, शेजारचे दोघे आले.

"हेच ते कंपाउंडरबाबू," ते म्हणाले. "सायेब मले ठाण्यात देत होते. यायनं माह्यासाठी हात जोडले. हे नसते तर मी आज जेलात असतो."

त्यांची बायको माझ्या पायांकडे वाकली. माझ्या आईच्या वयाची बाई. मी पाय मागे घेतले आणि म्हणालो, "त्यात काय एवढं."

एवढं बोलल्यावर पुढचं कसं बोलणार? मला वांग्याची भाजी आणि भाकर वाढली. मी जेवलो. दुसऱ्यांदा वाढलं तेव्हाही नको म्हणालो नाही, आणि त्याची मला अजून शरम वाटते.

जेवण झाल्यावर मिस्त्रीकाकांनी एक कोरा कागद पुढे केला. कळमेश्वरच्या कापसाच्या जिनात चौकीदाराची जागा होती. पण बंगल्यावरची गोष्ट तिथपर्यंत पोचली होती आणि तिथला मुनीम म्हणत होता, चांगल्या चालीचा दाखला आण. "सायेब तर देणार नाही. तुमी लिहून द्या. तुमच्या शिक्क्याचं काम नाही, तुमचा शब्दच बस."

मी कागद मांडीवर घेतला. एका ओळीचं काम होतं. अवजारं मी नेली, यांनी नाही. ते लिहिलं असतं तर त्यांना जागा मिळाली असती आणि माझी गेली असती. मी लिहिलं, 'या गृहस्थांना मी चार वर्षे ओळखतो. माझ्या माहितीप्रमाणे ते प्रामाणिक आहेत.' खाली सही ठोकली. उद्या कुणी मला विचारलंच, तर निसटायला जागा राहावी म्हणून ते 'माझ्या माहितीप्रमाणे' घातलं.

"वाचून दाखवा नं," ते म्हणाले. त्यांना वाचता येत नव्हतं. मी मोठ्यानं वाचलं, आणि 'माझ्या माहितीप्रमाणे' गाळलं. त्यांच्या तोंडावर ते म्हणवेना.

महिनाभरानं त्यांच्या गावचा एक माणूस दवाखान्यात खोकल्याचं औषध घ्यायला आला. मी विचारलं. जागा दुसऱ्याला गेली होती. मुनीमानं कागदावर बोट ठेवून म्हटलं म्हणे, यालाच पक्कं ठाऊक नाही, तर मी कसा ठेवू?

"पण मिस्त्री का म्हणते सांगू?" तो माणूस म्हणाला. "म्हणते, बाबूनं साफ लिहिलं होतं, म्या माह्या कानानं आयकलं. त्या मुनीमालेच वाचता येत नसन."

मी बाटलीला बूच लावलं, कसं घ्यायचं ते सांगितलं आणि पुढच्या रोग्याला हाक मारली.