अण्णांचा डावा पाय

मी हौसेनं जुनी, दोन दारांची स्पोर्ट्स कार घेतली, तेव्हा ती ऑटोमॅटिक होती. माझे वडील, म्हणजे अण्णा, जन्मभर एसटी चालवलेला माणूस. त्यांचा डावा पाय सवयीनं क्लच शोधायचा आणि नेमका ब्रेकवर पडायचा. गाडी गचकन थांबायची, माझं डोकं काचेवर, आणि वर मलाच ऐकवायचे, "क्लच न्हाई, ती काय गाडी हाय?"

शेवटी वैतागून मी वारंगा फाट्यावरच्या मिस्त्रीकडून तिला क्लच आणि हातानं टाकायचे गिअर बसवून घेतले. जुना गिअरबॉक्स शोधण्यातच अख्खा उन्हाळा गेला.

मग अण्णा मला घेऊन सेनगावच्या रस्त्याला लागले. गिअर बदलताना चेहरा असा, की नातू झाल्याचे पेढे वाटायला निघालेत. साखऱ्याच्या अलीकडं एका म्हातारीनं हात केला आणि अण्णांनी गाडी बराबर तिच्यापुढं उभी केली. मागच्या सीटवर तिची डोक्यावरची भाजीची पाटीच कशीबशी मावली.

अण्णा मला म्हणाले, "तू उतर, माय. मागून शिटांची जीप येऊन राहिली, तिच्यात ये."

माझ्याच गाडीतून मी उतरले. म्हातारी माझ्या जागी बसली, दार लागलं, तरी अण्णा गाडी हलवेनात. कंडक्टरच्या डबल बेलशिवाय ते आयुष्यात कधी निघाले नव्हते.

मी टपावर दोनदा थाप मारली. गाडी सुटली.