चिंधी बांधलेला गूळ

सन एकोणीसशे एकतीस. मी तेवीस वर्षांचा होतो. माझी शाळा मराठी दुसरीत सुटली ती सुटलीच, तेव्हा लिहिण्यात कुठे चुकले तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे. दुकानाच्या बाबतीत मात्र मला कोणी शिकवायला येऊ नये. तेव्हाही यायला नको होते.

आमचे दुकान रत्नागिरीत, बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर. पुढे दुकान, मागे घर. वडील गेल्यावर गादीवर थोरला भाऊ बसू लागला. तो इंग्रजी शिकलेला आणि बोलायला गोड. माल भरणे आणि राखणे माझ्याकडे. पावसाआधी चार महिन्यांची बेगमी करावी लागे, कारण एकदा बंदर बंद झाले की गलबत नाही आणि घाटात दरड आली की गाडी नाही. मीठ, घासलेट, मिरची, काड्यापेट्या, काय किती लागेल ते मी माणसे आठवून ठरवी. कोणाकडे बाळंतपण आहे, कोणाचे मुलगे मुंबईहून गणपतीला येणार, कोणाची म्हातारी दिवा विझवू देत नाही. वडिलांनी मरताना मला एवढेच सांगितले होते, की पावसाळ्यात आपल्या पायरीवरून गिऱ्हाईक 'नाही' ऐकून जाता कामा नये. दादाला काय सांगितले ते मला ठाऊक नाही.

सगळ्यांत नाजूक माल गुळाचा. आमच्या हवेत गुळाला पाणी सुटते. म्हणून मोदकांचा गूळ लोक आपल्या घरी ठेवतच नसत. आमच्या चुलीवर माळा होता, त्याला सदा धूर लागे. तिथे फळ्यांवर भाताचा तूस पसरून त्यावर गोणपाटात गुंडाळलेल्या लहान ढेपा ठेवायच्या. पाऊस लागायच्या आधी प्रत्येक घरची बाई येई आणि आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी आपल्या ढेपेला बांधून जाई. चिंधी बांधली की तो गूळ त्या घरच्या गणपतीचा. हरतालिकेच्या दिवशी तिनेच येऊन ती सोडायची. मधे दुसऱ्या कोणाचा हात लागायचा नाही, आमचासुद्धा. मी चिंधी पाहून घर ओळखी. कागद लागत नसे.

आषाढात मी लावणीला आमच्या गावच्या शेतावर गेलो. परत आलो तेव्हा घाटात मोठी दरड आली होती आणि पेठेत गूळ मिळेनासा झाला होता. मी आधी माळ्यावर चढलो. सगळ्या चिंध्या जागच्या जागी. त्या वर्षी मुंगळेही नव्हते, एका कोपऱ्यात तेवढी त्यांची ओळ लागलेली. मला वाटले, मुंगळे अडवायला घातलेली राखेची रेघ या खेपेला बरी जमली. खाली येऊन मी दादाला म्हटले, "सगळीकडे ठणठणाट असला तरी आपला गणपती गोड होणार."

"तू आहेस म्हणून," दादा म्हणाला. हे त्याचे शब्द आहेत. मी विसरलेलो नाही.

हरतालिकेला पायरीवर बायकांची गर्दी झाली. पहिली आली ती वरच्या वाडीतली म्हातारी, माझ्या वडिलांपासूनचे गिऱ्हाईक. मी तिची ढेप खाली आणून पुढ्यात ठेवली. वजन नेहमीसारखेच.

"यंदा गूळ काळा नाय ना रे मेल्या?" म्हणत तिने गाठ सोडली आणि गोणपाट उलगडले.

आत जांभ्या दगडाचा तुकडा होता. ढेपेएवढा नीट तासलेला.

"ह्याचे मोदक करू, की घराची पायरी?" म्हातारी म्हणाली. मागच्या बायका हसल्या. मग एकेकीने आपली चिंधी ओळखून पुढे ओढली आणि हसणे थांबले. सगळीकडे दगड.

मी दादाकडे पाहिले. त्याने चष्मा पुसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलला, "माळ्यावर मी कधी चढतो? ते ह्याचं राज्य. ह्यालाच विचारा."

मी तोंड उघडणार तोच मला मुंगळे आठवले. शिडी चढून कोपऱ्यातली ढेप काढली. तिला आमच्या आईच्या लुगड्याची चिंधी होती. गाठ कापून उघडली तर आत पिवळाधमक गूळ.

"बघा," दादा म्हणाला, "घरचा तेवढा ठेवलान."

बायका चिंध्या तिथेच टाकून निघून गेल्या. म्हातारी जाताना म्हणाली, "तुझ्या बापाच्या शब्दावर बांधली होती रे पोरा." तिने शिवी दिली असती तर मला बरे वाटले असते.

संध्याकाळी दार लावून मी दादाला धरले. तेव्हा त्याने कबूल केले. मी लावणीला गेलो असताना खाडीपलीकडच्या व्यापाऱ्याला त्याने घरची ढेप सोडून सगळा गूळ चढ्या भावाने दिला होता. "गणपतीआधी घाट मोकळा होईल, नवा गूळ आणून दगड काढून घेऊ, असा हिशेब होता. दरड हटली नाही त्याला मी काय करू?"

"मग माझं नाव का घेतलंस?"

"मी गादीवर बसतो. माझं नाव गेलं तर दुकान जाईल. तुझं काय जातंय?"

आई चुलीपाशी बसली होती. माळा तिच्या डोक्यावर. त्या ढेपा तिच्यासमोरून उतरल्या, दगड तिच्यासमोरून चढले. मी म्हटले, "आई, तू बघितलंस ना?" तिने फुंकणी उचलली आणि पेटलेल्या चुलीत फुंकर घालत राहिली. दादावरचा राग एव्हाना निवला असता. त्या फुंकरीचा अजून निवलेला नाही.

लोक मला म्हणाले, सख्खा भाऊ आहे, मिटव. मी मिटवले नाही. कोणाला हट्टी म्हणायचे असेल त्याने म्हणावे.

दुसऱ्या दिवशी चतुर्थी. आमच्या घरच्या मोदकांसाठी ठेवलेली ती ढेप मी पहाटे कोयत्याने फोडली. एकेक खडा, नैवेद्यापुरता, ज्याच्या त्याच्या चिंधीत बांधला आणि पावसात घरोघर पोचवला. वरच्या वाडीत म्हातारीने खडा हातात घेऊन माझ्याकडे पाहिले.

"आणि तुमच्या गणपतीला काय?"

"आमच्या गणपतीला दादा बघेल."

शेवटची चिंधी दिली तेव्हा हात मोकळे झाले. पावसासाठी डोक्यावर घेतलेले गोणपाट पिळून खांद्यावर टाकले आणि घराकडे न वळता आमच्या समोरच्या दुकानाची पायरी चढलो. तो दुकानदार पूजेचे सोवळे नेसून उभा होता. मी म्हटले, "माल राखायला माणूस पाहिजे काय?"