उचकी आणि उजवा डोळा

माझा स्वभाव मेला असाच, कुणी कुरकुर केली की आधी टर उडवायची. जानेवारीच्या धुक्यात धाकट्या बहिणीला उचकी लागली. ती माझ्याकडे मोहालीजवळ खरडच्या फ्लॅटवर राहते, सेक्टर ३९ मधल्या संस्थेत पीएचडी करते, दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून. मी म्हटलं, "सांगलीला आई आठवण काढतेय. नावं घे, ज्याच्या नावाला थांबेल तो!" आईचं झालं, मावश्यांचं झालं, कॉलेजातल्या त्या पोराचंही झालं. उचकी थांबेना. आठ दिवस उचकी, वर उलट्या. मी साखर चारली, केमिस्टकडून ॲसिडिटीच्या गोळ्या आणल्या. नवव्या दिवशी आपोआप थांबलं आणि आम्ही विसरलो.

तीन आठवड्यांनी तिचा उजवा डोळा दुखायला लागला. "यार ताई, लाल ओढणी विटकी दिसतेय गं." दोन दिवसांत त्या डोळ्यापुढे अंधार. मोहालीतल्या डॉक्टरांनी एमआरआय काढला, स्टिरॉइडची सलाइन लावली. म्हणाले, बहुतेक मल्टिपल स्क्लेरोसिस, सोमवारपासून त्याची इंजेक्शनं. फॉर्मवर 'आधीचे त्रास' या रकान्यात मी ठसक्यात लिहिलं, काही नाही.

डोळा सुधारेना, म्हणून शनिवारी शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात एका मराठी मॅडमना दाखवलं. त्यांनी फिल्म बाजूला ठेवली. "दोन-तीन आजार पहिल्या झटक्यात जुळ्या बहिणींसारखे दिसतात. एकाचं औषध दुसऱ्यात घात करू शकतं. मध्यंतरी न थांबणारी उचकी? उलट्या?"

मी सगळं सांगितलं, नावं घेण्यासकट. त्या हसल्या नाहीत. "मेंदूच्या तळाशी सूज आली की अशी उचकी लागते. सोमवारचं इंजेक्शन घेऊ नका." स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं मला. रक्त तपासणीला गेलं. रिपोर्टची वाट न बघता तिचं रक्त यंत्रातून फिरवून त्यातला घातक भाग काढायला घेतला.

रिपोर्ट आला. तो दुसराच आजार निघाला, न्यूरोमायलायटिस ऑप्टिका. औषध बदललं. डावा डोळा शाबूत आहे. पुढचा झटका कधी येईल, कुठे बसेल, कुणी छातीठोक सांगत नाही. उजवा परतला नाही.

"उचकीचं आधी कळलं असतं तर वाचला असता?" बहिणीनं मॅडमना सरळच विचारलं.

"कदाचित."

वाटलं, आता ही माझ्याकडे वळेल, शिव्या घालेल. घालू दे! ती समोरच बघत राहिली. मी तिच्या उजव्या हाताला बसले होते.

"ताई बाहेर गेली का?" तिनं मॅडमना विचारलं.