खाल्लं ते लिहायची वही

सीझन सुरू झाला तेव्हा कॉलेजच्या खेळाच्या मॅडमनी आम्हा सगळ्यांना एकेक वही ठेवायला सांगितली. रोज काय खाल्लं, किती पाणी प्यायलं ते लिहायचं आणि शनिवारी दाखवायचं. सॉफ्टबॉलच्या टीममध्ये मी पिचर होते, म्हणजे खालून हात फिरवून बॉल टाकणारी. पिचर थकली की सगळी टीम थकते, असं मॅडम म्हणायच्या. त्या दिवशी त्यांनी बरंच सांगितलं. मॅचच्या दोन तास आधी खा, उपाशी उतरू नका. तहान लागायची वाट बघू नका. प्रॅक्टिस संपली की अर्ध्या तासात काहीतरी पोटात जाऊ दे. केळं चालेल, गूळ-शेंगदाणे चालतील, भाजी-चपाती चालेल. हे त्या नक्की म्हणाल्या होत्या. पण तेव्हा माझं लक्ष शेजारच्या मुलीच्या वहीत होतं.

तिने लिहिलं होतं: सकाळी ओट्स, भिजवलेले बदाम. दुपारी पनीर पराठा.

मी सकाळी चहाबरोबर रात्रीची चपाती आणि एक उकडलेलं अंडं खाल्लं होतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. तिथे कसं वागायचं, काय बोलायचं, ते मी इतरांकडे बघूनच शिकत होते. मी लिहिलं: ओट्स, बदाम, पनीर. ओट्स चवीला कसे लागतात ते मला अजूनही माहीत नाही.

शनिवारी मॅडमनी माझी वही सगळ्यांसमोर वाचली. "बघा, असं खायचं असतं." खाली लाल पेनने 'छान' लिहिलं.

"ए, एकटी एकटी पनीर हाणतेस होय गं?" मागून कुणीतरी म्हणालं. तेव्हापासून माझं नावच पनीर पडलं. मला ते आवडलं होतं, हे लिहिताना आता कसंसंच होतं. पुढे मी एखाद्या दिवशी दही घालायचे, एखाद्या दिवशी कडधान्यांचं सॅलड, म्हणजे खरं वाटावं.

आम्ही कोपरखैरण्याला एका खोलीत राहतो. आई तुर्भ्याला एका कंपनीत पॅकिंगला जाते. ती चौथी शिकली आहे, मराठी अक्षर लावून वाचते. एका रविवारी कपड्यांच्या घड्या करता करता तिने माझी वही उघडली.

"ओट्स म्हंजे काय गं?"

"लापशीसारखं असतं."

"मग लापशीच म्हन की. आन् ह्ये पनीर कुटं खाल्लंस?"

"कॉलेजात," मी म्हटलं.

"रोज देत्यात?"

"टीमवाल्यांना देतात."

तिने वही मिटून कपाळाला लावली. "बरं झालं बाई. माझ्या जिवाला नुसता घोर लागलेला, एवढं पळतीस आन् पोटात काय नाय. मग हितलं अंडं धाकटीला देती. तिच्या हाडांचा सापळा झालाय."

सोमवारपासून अंडं बहिणीच्या ताटलीत गेलं. प्रॅक्टिसनंतर खायला आई शेंगदाण्याचा लाडू द्यायची, तोही बंद झाला. डब्यात तीनच्या दोन चपात्या आल्या, उगाच वाया नकोत म्हणून. आई माझं काही काढून घेत नव्हती. तिने फक्त माझ्यावर विश्वास ठेवला होता. सांगायचं मी कितीदा तरी ठरवलं. पण मग हेही सांगावं लागलं असतं, की तिने दिलेलं अंडं वहीत लिहायची मला लाज वाटली.

दोन-तीन आठवड्यांत, मॅचच्या सात इनिंगपैकी चौथीनंतरच हात जड व्हायला लागला. मैदानातून मुली ओरडायच्या, "पनीर, जोर लाव ना! खातेस ते जातं कुठे?" मॅडमनी वही चाळली. "खाणं तर चोख आहे तुझं. म्हणजे मेहनतच कमी पडतेय." त्यांनी मला रोज मैदानाचे दोन राउंड वाढवून दिले. ते मी चहावर पळले.

विद्यापीठाच्या टीमची निवड ज्या मॅचवरून होणार होती, तिच्या पाचव्या इनिंगमध्ये डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. चार बॉल चुकले की समोरची मुलगी फुकट बेसवर जाते. माझ्या हातून अशा ओळीने चार जणी गेल्या आणि चौथीमुळे पहिली फुकटात होमवर, म्हणजे जिथून निघाली तिथे परत पोचली आणि त्यांना रन मिळाला. मॅडमनी हात वर करून मला बोलावलं. कॅप्टनने बॉल माझ्या हातातून काढून घेतला आणि दुसरीला दिला.

यादीत माझं नाव नव्हतं.

त्या आठवड्यात मी पहिल्यांदा खरं लिहिलं. सकाळी चहा, दोन खारी. दुपारी दोन चपात्या, बटाट्याची भाजी. संध्याकाळी काही नाही. सहा दिवस, सहा ओळी. शनिवारी मी वही पुढे केली. मॅडम विचारतील, मग सगळंच सांगून टाकायचं, असं ठरवून गेले होते.

मॅडमनी वाचलं, चष्मा काढला आणि अगदी मायेने म्हणाल्या, "निवड झाली नाही म्हणून जेवणावर राग काढायचा नसतो गं. गेल्या महिन्यात बघ किती छान खात होतीस." त्यांनी मागची पानं उलटून मला दाखवली. ओट्स, बदाम, पनीर, माझ्याच अक्षरात. "पुन्हा तसं सुरू कर. पुढच्या वर्षी बघू."

मी "हो मॅडम" म्हटलं. माझ्यामागे चार मुली वह्या घेऊन उभ्या होत्या.

सोमवारी सकाळी आईने चहा दिला. बहीण अंडं सोलत होती. मी वही उघडली, तारीख घातली आणि ओट्स लिहिलं.